एकतीस मिनिटांचा बर्फ

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरचा बर्फाचा खडा एकोणीस वर्षं वितळला नाही, कारण केतकीला त्याच्याकडे बघत बसायला वेळ झाला नाही.

आमच्या गावात याचं कोणाला नवल वाटत नाही. घरी प्रयोग मांडला, की ज्या मुलाने मांडला ते मूल बघत असेल तेवढाच वेळ तो पुढे सरकतो. मूल उठून गेलं की प्रयोग आहे तिथे थांबतो. परत येऊन समोर बसलं की थांबला होता तिथून सुरू. शाळेतल्या प्रयोगांना हे लागू नाही. तिथे बाई करतात आणि मुलं खिडकीबाहेर बघतात, त्यामुळे ते आपले आपण उरकतात.

दोन घरं सोडून तिसऱ्या घरात असा एखादा प्रयोग पडून असतोच. शेजारच्या भिरूड काकूंच्या परागने तिसरीत असताना मिठाच्या पाण्यात अंडं सोडलं, अर्धंच मीठ ढवळलं आणि क्रिकेट खेळायला पळाला. ते अंडं पंधरा वर्षं ग्लासाच्या बरोबर मध्यावर उभं होतं, ना वर ना खाली. पराग आता कॅनडात असतो. समोरच्या घरात ग्लासाखाली झाकलेली मेणबत्ती आहे, अजून विझायची राहिलेली. वीज गेली की ते लोक ती गच्चीवर घेऊन जेवायला बसतात. प्रयोगाचं साहित्य घरगुती कामाला वापरायची मनाई आहे, म्हणून मी त्यांचं आडनाव सांगत नाही.

आमच्या खड्याचा तसा काही उपयोग नव्हता. हाताला गार लागायचा, एवढंच. आमच्या खानदेशात मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर जातो, पत्र्यावर पापड भाजतील असं ऊन पडतं, आणि हा फळीवर कोरडाठाक. भिरूड काकूंनी एकदा तो ताकात टाकून पाहिला. ताक गार झालं नाही आणि खडा गाळणीत परत आला. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही.

केतकी माझी मुलगी. ती चौथीत होती, एप्रिल महिना होता. पुस्तकात धड्याशेवटी ‘करून पाहा’ असा चौकोन असतो, त्यातला प्रयोग सरोदे बाईंनी घरी करायला दिला होता. आमच्याकडे फ्रीज नव्हता. केतकी डबा घेऊन रसवंतीवर गेली आणि बर्फ घेऊन पळत आली. वाटेत निम्मा वितळला, पण तेव्हा तो प्रयोग नव्हता, नुसता बर्फ होता. तिने तो ताटलीत ठेवला आणि वहीत पेन्सिलीने लिहिलं. उद्देश: बर्फ किती वेळात वितळतो ते पाहणे. साहित्य: बर्फ, ताटली, घड्याळ. कृती: बर्फ ताटलीत ठेवला व बघत बसले. सुरुवात: चार वाजून दहा मिनिटे.

चार एकवीसला दारात जीप आली. माझी धाकटी बहीण विमल आणि तिचे यजमान नाशिकहून आले होते. महिनाभरापूर्वी केतकीचे वडील विहिरीच्या कामावर वरून पडले होते. कंबर मोडून ते दवाखान्यात होते, आणि मी दवाखाना आणि माझं फॉल-पिकोचं दुकान यांच्यामध्ये धावत होते. विमलला मूलबाळ नव्हतं. ती म्हणाली, दोन महिने केतकीला माझ्याकडे राहू दे, तुझी पण ओढाताण कमी होईल.

केतकी उठायला तयार नव्हती. “आई, अजून वितळला नाही,” म्हणाली.

मी म्हणाले, “तू नीघ. मी बघते आणि लिहिते.”

जीप गेल्यावर मी गाईड उघडलं आणि तिच्यासारखं गोल गोल अक्षर काढून लिहिलं: ‘बर्फ वितळून त्याचे पाणी झाले. लागलेला वेळ २५ मिनिटे.’ त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे प्रयोग मुलं करतात आणि निरीक्षणं आया लिहितात, हे चालतच आलेलं आहे. सरोदे बाईंनी लाल शाईने बरोबरची खूण करून खाली ‘छान’ लिहिलं. खडा फळीवर होता तसाच होता.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. मध्ये मी एकदा तिला आणायला गेले आणि एकटीच परत आले. मग शाळेच्या दाखल्यासाठी विमलने कागद केले. आम्ही दोघांनी सह्या दिल्या. केतकी फेगडेची केतकी अत्तरदे झाली. ती विमलला आई म्हणायला लागली आणि मला मावशी. असं कोणी ठरवलं नव्हतं, पण एका मुलीला दोन आया झाल्या की त्यातल्या एकीला मावशी व्हावं लागतं. ते माझ्याकडे आलं. पहिल्यांदा तिने मला मावशी म्हटलं तेव्हा मी मशीनवर होते. तो सगळा फॉल मला उसवावा लागला.

ती यायची. दिवाळीला, कधी लग्नकार्याला. आली की चहा घेऊन फळीसमोर स्टूल टाकून बसायची, मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात विमलचा फोन यायचा, नाहीतर गाडीची वेळ व्हायची. खडा तेवढ्यापुरता पाणावायचा. ती गेली की मी टेपने मोजायचे, आणि किती मिनिटं बसली ते फळीच्या आतल्या बाजूला शिंप्याच्या खडूने लिहून ठेवायचे. केतकीचे वडील गेले तेव्हा ती दहाव्याला आली होती. बाहेर माणसं बसली होती आणि ती आत जाऊन खड्यासमोर बसली. त्या दिवशी खडा दोन सूत कमी झाला. पहिल्या दिवसाची अकरा मिनिटं सोडली, तर एकोणीस वर्षांत ती माझ्या घरात अशी निवांत बसली त्याची बेरीज बारा मिनिटं भरते.

खरं सांगायचं तर मला तो खडा संपायला नको होता. तो संपल्यावर ती कशासाठी आली असती? आणि तो संपावा असंही वाटायचं, कारण तो संपेपर्यंत तरी ती बसली असती. मी अशी दोन्हीकडून अडकले होते आणि खडा मध्ये होता.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत नगरपालिकेची नोटीस आली. विषय: प्रलंबित घरगुती प्रयोग निकाली काढणेबाबत. श्रीमती सिंधू पुंडलिक फेगडे यांच्या घरी प्रयोग क्रमांक ४१७ (बर्फ) प्रलंबित असल्याचे दिसून येते, तरी ३१ मार्चपूर्वी प्रयोगकर्त्याने समक्ष हजर राहून निरीक्षण पूर्ण करावे, अन्यथा साहित्य जमा करून घेण्यात येईल, याची नोंद घ्यावी.

पाठोपाठ सोनगिरे नावाचे गृहप्रयोग निरीक्षक आले. पन्नाशीचे, बारीक चणीचे, हातात रेक्झिनची बॅग. चप्पल दाराबाहेर काढून आत आले, सरकारी पट्टीने खडा तिन्ही बाजूंनी मोजला आणि प्रयोगवही मागितली. वही वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

“बाई, यात तर बर्फ वितळलेला आहे.”

“वहीत वितळलाय.”

“बाईंचा शेरा आहे, सही आहे. म्हणजे प्रयोग पूर्ण झालेला आहे.”

“मग नोटीस कशाला पाठवली?”

“खडा शिल्लक आहे म्हणून,” सोनगिरे म्हणाले. “प्रयोग पूर्ण आहे आणि खडा शिल्लक आहे. त्या अर्थी हा खडा त्या प्रयोगाचा नाही. हा विनानोंदणीचा बर्फ झाला.”

“विनानोंदणीचा असता तर कधीच वितळून गेला नसता का?”

त्यांनी थोडा विचार केला. “मुद्दा बरोबर आहे,” म्हणाले आणि तो लिहून घेतला. “मग हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“तुम्ही वितळताना पाहिला होता?”

“नाही. गाईडमध्ये होतं ते लिहिलं.”

मला वाटलं आता दंड लावतील. पण ते वहीकडेच बघत राहिले. “माझ्या वहीतले मूगसुद्धा माझ्या आईनेच रुजवले,” असं म्हणून त्यांनी माझ्या निरीक्षणावर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली. मग पट्टीवरचे आकडे एका तक्त्यात बघून म्हणाले, “आठ मिनिटांचा बर्फ उरलाय.”

“आठच?”

“त्याहून जास्त नाही. मुलीला बोलवा.”

“ती नाही आली तर?”

“तर आम्ही घेऊन जाऊ. गोदामात व्यवस्थित ठेवतो आम्ही, चिठ्ठी लावून. भेटायची वेळ गुरुवारी अकरा ते एक.”

भिरूड काकूंचं अंडं मार्चच्या पहिल्याच आठवड्यात गेलं. त्यांनी परागला फोन केला तर तो म्हणाला, अगं मम्मी, टाकून दे ना ते, वास येत असेल. पंधरा वर्षांत त्याला एकदाही वास आला नव्हता. दोन शिपाई आले आणि ग्लास धक्का न लावता घेऊन गेले. काकूंनी पोच मागून घेतली आणि देव्हाऱ्यात ठेवली.

“त्याले काय फरक पडते व सिंधू,” त्या म्हणाल्या. “पन सकायी उठून त्याच्याकडे पाह्याची सवय होती ना मले. आता काय पाहू, भित्ताडाले?”

दर गुरुवारी त्या पावणेअकरालाच नगरपालिकेच्या पायरीवर जाऊन बसायला लागल्या.

केतकी तोवर हैदराबादेत नोकरीला लागली होती. औषधाच्या कारखान्यात पट्ट्यावरून गोळ्या सरकत जातात आणि ती काचेतून त्यांच्याकडे बघते. वाकडी गोळी दिसली की बाजूला काढते. दिवसाचे आठ तास बघायचा तिला पगार मिळतो. मी फोन केला तेव्हा मागे यंत्रांचा आवाज येत होता.

“बोल मावशी, पटकन.”

“आठ मिनिटांचं काम आहे.”

“कसलं?”

“बर्फाचं.”

मागचा यंत्रांचा आवाज बंद झाला. मला वाटलं फोन कट झाला. “अजून आहे तो?” तिने विचारलं.

“तू बघितल्याशिवाय जाईल कुठे?” मी नोटिशीचं सांगितलं. यावंच लागेल असं म्हणाले नाही. ते म्हणायचा हक्क मी सही देऊन बसले होते.

“एकोणतीसला येते,” ती म्हणाली. “संध्याकाळी सव्वासहाची परतीची गाडी घेईन. चालेल ना?”

चालेल काय. मी त्या दिवशी आलेल्या सगळ्या साड्यांना उलट्या बाजूने फॉल लावले.

एकोणतीसला ती दुपारी आली. वाकून नमस्कार केला, “बारीक झालीस गं मावशी,” म्हणाली. मी वांगी भाजून भरीत केलं होतं, पुऱ्या केल्या होत्या. तिने पोटभर खाल्लं. पाणी प्यायला हात वर केला तेव्हा मला दिसलं, तिच्या कुडत्याच्या काखेतली शिवण उसवलेली होती. सुईदोरा माझ्या हाताशीच होता. पण म्हटलं, मावशीने किती हक्क दाखवावा. मी सुई नुसतीच हातात धरून बसले, ती अंगठ्यात टोचून घेतली.

साडेचारला सोनगिरे आले. त्यांनी ताक घेतलं, ताटली फळीवरून काढून टेबलावर ठेवली, केतकीला समोर बसवलं, मला पलीकडच्या खुर्चीवर. मग नियम वाचून दाखवला. “प्रयोगकर्त्याने नजर हलवू नये. पापणी लवली तर चालेल. बोलायला हरकत नाही, फक्त खड्याकडे बघून बोला.” आणि त्यांनी हातातलं घड्याळ दाबलं.

खडा लगेच ओला दिसायला लागला. पाण्याचा एक थेंब ताटलीत उतरला. मी खड्याकडे बघितलंच नाही. तिला मान वर करायची परवानगी नव्हती, त्यामुळे मला तिच्याकडे मनसोक्त बघता आलं. भुवईपाशी एक व्रण होता, तो कधी पडला ते मला माहीत नव्हतं. केसांत एक पांढरा होता. अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला पांढरा केस, आणि मला तो त्या दिवशी कळला.

दीडेक मिनिटांनी ती खड्याकडे बघत म्हणाली, “तू म्हणाली होतीस, मी बघते आणि लिहिते.”

“म्हणाले होते.”

“आणि न बघता लिहिलंस.”

“हो.”

“मला वाटायचं, हा वितळला की तू मला न्यायला येशील. मी नाशिकला कॅलेंडरवर खुणा करायचे. आईने... विमल आईने विचारलं कसल्या खुणा, तर सांगितलं नाही.” तिचा आवाज नेहमीसारखाच होता. “तू आलीच नाहीस.”

“आले होते,” मी म्हणाले.

तिची मान हलली. “नजर,” सोनगिरे म्हणाले. तिने पुन्हा खड्यावर डोळे लावले.

“जूनमध्ये आले होते,” मी म्हणाले. “तुझी पिशवीसुद्धा घेऊन आले होते. तू मागच्या मैदानात खेळत होतीस. विमलने तुझा नवा गणवेश दाखवला. मी आपली सवयीने खालची पट्टी उलटून पाहिली. चार बोटं दुमड ठेवलेली होती.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुढच्या वर्षी उंची वाढली की सोडायला. त्याच्या पुढच्या वर्षीसुद्धा पुरली असती. तिने तुला तीन वर्षांचं माप घेऊन ठेवलं होतं, केतकी. मी तुला घेऊन गेले असते तर त्या दुमडीचं तिने काय केलं असतं? मी चहा घेतला आणि निघाले.”

“मला न भेटता.”

“भेटले असते तर घेऊन आले असते.”

घराबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. सोनगिरेंनी रुमाल काढून नाक पुसलं, पण घड्याळावरची नजर काढली नाही. खडा मसुराएवढा झाला, मग मोहरीएवढा, मग ताटलीत फक्त पाणी राहिलं.

“झाले,” सोनगिरे म्हणाले. “बरोबर आठ. अधिक अकरा, अधिक बारा. एकूण एकतीस.”

केतकीने वहीत माझ्या खोडलेल्या ओळीखाली लिहिलं: बर्फ वितळला. वेळ ३१ मिनिटे. सोनगिरेंनी शिक्का मारला. पाणी आता नुसतं पाणी होतं, ते कोणासाठी थांबलं नाही. मार्चच्या उन्हात दहा मिनिटांत ताटली कोरडी झाली. मी ती घासायला घेतली, कारण काहीतरी करायला हवं होतं. एकोणीस वर्षांनी ताटली मोकळी झाली आणि मला घरात कुठे बघावं ते कळेना. तिच्या नावाचं एवढंच माझ्याकडे होतं.

सोनगिरे बॅग बंद करत होते. केतकी म्हणाली, “साहेब, नवीन प्रयोग नोंदवायचा असेल तर फॉर्म असतो का तुमच्याकडे?”

“असतो. पण तो मुलांसाठी आहे, ताई. प्रयोग मुलांनीच मांडायचा असतो.”

“मूल म्हणजे किती वर्षांपर्यंत?”

सोनगिरेंनी नियमावली काढली. पान शोधायला त्यांना वेळ लागला. “मूल म्हणजे,” त्यांनी वाचलं, “‘जिची आई किंवा वडील प्रयोगाच्या जागी हजर आहेत अशी कोणतीही व्यक्ती.’ वयाचा उल्लेख दिसत नाही. राहून गेला असावा.”

“मग मी मूल आहे.”

“तसं नाही म्हणता येणार. नोंदीप्रमाणे तुमच्या आई सौ. विमल अत्तरदे, मुक्काम नाशिक. त्या इथे हजर नाहीत.”

केतकीने वाद घातला नाही. त्यांच्या बॅगेतून फॉर्म ओढून घेतला आणि टेबलावर वाकून भरायला लागली. भरून झाल्यावर सोनगिरेंकडे दिला. त्यांनी तो नियमाप्रमाणे मोठ्याने वाचला.

“उद्देश. आई कशी म्हातारी होते ते पाहणे. साहित्य. आई.” ते थांबले. “साहित्यापुढे संख्या लिहावी लागते.”

केतकीने लिहिलं: एक.

सोनगिरे त्या आकड्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग नियमावलीकडे. “साहित्याच्या रकान्याला पुरावा जोडावा लागत नाही,” ते सावकाश म्हणाले. “साहित्य जागेवर असलं की झालं. साहित्य जागेवर आहे. म्हणजे आई जागेवर आहे. म्हणजे तुम्ही मूल आहात.” त्यांनी हे तिन्ही मुद्दे समासात एकाखाली एक लिहिले आणि खाली सही केली. “साहित्याची हरकत आहे का, असा रकाना फॉर्ममध्ये नाही. तरी विचारतो.”

“नाही,” मी म्हणाले.

“कृती?” त्यांनी केतकीला विचारलं. तो रकाना रिकामा राहिला होता.

“समोर बसून बघत राहणे.”

“सुरुवात?”

तिने घड्याळ बघितलं. “पाच दहा.”

आणि ती माझ्याकडे बघायला लागली. रिक्षा साडेपाचला यायची होती. वीस मिनिटं तिने माझ्यावरची नजर काढली नाही. लग्नाच्या वेळी दाखवायला बसवलं होतं तेव्हासुद्धा मला कोणी इतका वेळ पाहिलं नव्हतं. मी केस सारखे केले, पदर सारखा केला, मग ते सोडून दिलं आणि तिची शिवण घालून दिली. कुडता अंगावरच होता, तिने हात वर धरला आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. सोनगिरे मधूनच “हं, चालू द्या,” म्हणाले.

“विमलला काय सांगशील?” मी विचारलं.

“आहे तेच सांगेन. तिचा पण मांडेन प्रयोग, तिची तयारी असली तर.” मग म्हणाली, “मी नसताना म्हातारी होऊ नकोस एवढंच. मागच्या वेळी आले तेव्हाच तू एकदम निम्मी झाली होतीस. मला न विचारता.”

रिक्षा आली. निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवून तिने फॉर्मची प्रत बॅगेत टाकली आणि गेली.

त्याला आता तीन वर्षं झाली. माझी नखं वाढत नाहीत. त्या दिवशी घशात थोडी खवखव होती, ती तशीच आहे, बरी होत नाही आणि बिघडतही नाही. अंगठ्यावर सुई टोचलेली खूण अजून लाल आहे. रक्तदाब दर महिन्याला तेवढाच भरतो, म्हणून डॉक्टरांनी एकदा यंत्र बदलून पाहिलं. सोनगिरे दरवर्षी मार्चमध्ये येतात, ताक घेतात, माझ्याकडे नीट बघतात आणि नोंदवहीत ‘साहित्य सुस्थितीत’ असं लिहितात. मला जमा करण्याचं त्यांनी अजून तरी काही काढलेलं नाही, कारण प्रयोगकर्ती नियमित येते.

येते हे खरं. पहिल्या दिवाळीला चार दिवस आली, मग उन्हाळ्यात आठ. मध्ये एकदा नुसतीच शनिवार-रविवार जोडून आली. आली की समोर बसते. मी भाकरी थापते, मशीन चालवते, ती बघते. खवखव कमी होते. गुडघा दुखायला लागतो. नखं वाढतात, ती तिच्यासमोर कापून घेते. एकदा सकाळी चहा पिताना ती म्हणाली, हा बघ, आत्ता पिकला, आणि माझ्या कानामागचा एक केस बोटात धरून दाखवला. दोघी मिळून आम्ही तो आरशात बघितला. मला इतका आनंद झाला की मी चहा पुन्हा टाकला.

भिरूड काकू माझ्या बरोबरीच्या होत्या. आता त्या माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या दिसतात. अंडं त्यांना सुटलं नाही, गुरुवार चालू आहेत. मध्ये एकदा पायरीवरून आल्या आणि माझ्या ओट्यावर टेकल्या.

“तुले अक्कल नाही सिंधू,” म्हणाल्या. “तिले सांग नको येऊ म्हनून. तू अशीच राहशील, शंभर वर्सं, दोनशे वर्सं. आमाले पाह्य, जिने चढवत नाहीत.”

मी त्यांना हिशोब सांगितला. तीन वर्षांत मी सदतीस दिवसांनी म्हातारी झाले. सदतीस दिवस ती माझ्यासमोर बसली. आधीच्या एकोणीस वर्षांत मी सबंध एकोणीस वर्षांनी म्हातारी झाले होते आणि ते कोणीच बघितलं नव्हतं. काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि बऱ्याच वेळाने घरी गेल्या.

परवा केतकीचा फोन आला. मागे यंत्रांचा आवाज होता.

“आई, पंधरा दिवसांची रजा मिळतेय.”

मी म्हटलं, “महिन्याची मागून बघ.”